२०३२ पर्यंतची नियोजित वीजक्षमता: कुठल्या स्रोतातून किती, आणि सातारा-सांगलीत ती कोणत्या तासाला हाती येणार?

कृष्णाकाठ (धागाकर्ता)

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचा राष्ट्रीय विद्युत आराखडा मे २०२३ मध्ये अधिसूचित झाला. त्यातले आकडे समोर ठेवून हा धागा काढतोय, कारण कोयनेचं पाणी, पठारावरच्या पवनचक्क्या, साखर कारखान्यांची बगॅसवरची (उसाच्या चिपाडावरची) वीज आणि आता गावागावांतले सौर प्रकल्प, हे सगळं आपल्या दोन जिल्ह्यांत एकत्र सापडतं. आकडे मेगावॉटमध्ये आहेत. पहिला २०२६-२७ अखेरचा, दुसरा २०३१-३२ अखेरचा.

सौर: १,८५,५६६ आणि ३,६४,५६६
वारा: ७२,८९५ आणि १,२१,८९५
कोळसा व लिग्नाइट: २,३५,१३३ आणि २,५९,६४३
मोठे जलविद्युत: ५२,४४६ आणि ६२,१७८
उदंचन (जास्तीच्या विजेने पाणी वरच्या जलाशयात चढवून गरजेला परत खाली सोडणं): ७,४४६ आणि २६,६८६
लघु जलविद्युत: ५,२०० आणि ५,४५०
अणू: १३,०८० आणि १९,६८०
बगॅस व इतर जैवइंधन: १३,००० आणि १५,५००
गॅस: दोन्ही वेळा २४,८२४

२०३२ ची बेरीज ९,००,४२२ मेगावॉट होते. बॅटऱ्या यात धरलेल्या नाहीत. त्या वेगळ्या आहेत: ४७,२४४ मेगावॉट आणि २,३६,२२० मेगावॉट-तास, म्हणजे भरलेली बॅटरी पूर्ण भाराने पाच तास चालेल असा हिशेब. मार्च २०२२ मध्ये देशात सौर सुमारे ५४,००० आणि वारा सुमारे ४०,००० मेगावॉट होता. यावरून वाढ कुठे होणार ते कळतं.

आता माझा मुद्दा. बातम्यांत सगळे मेगावॉट एकाच मापाने मोजले जातात. जतच्या माळावरचा सौरचा एक मेगावॉट, चाळकेवाडीच्या पवनचक्कीचा एक मेगावॉट आणि पोफळीच्या कोयना वीजगृहाचा एक मेगावॉट यांचा आपसात काही ताळमेळ नाही. आराखड्यात २०३१-३२ साली कोळशाचा भारांक (पूर्ण क्षमतेने वर्षभर चालला असता तर मिळाली असती त्यातली प्रत्यक्ष मिळणारी वीज) ५८.७ टक्के धरलाय. गुणाकार करून बघा: कोळशाची क्षमता २९ टक्क्यांच्या आत, पण युनिटं सुमारे १,३३,५०० कोटी. त्या वर्षीची देशाची गरज २,४७,३८० कोटी युनिटांची धरली आहे. सौरची क्षमता ४० टक्के, युनिटं मात्र साधारण चौथा हिस्सा. म्हणून प्रत्येक स्रोताबद्दल तीनच गोष्टी लिहूया: वर्षाला युनिटं किती, कोणत्या महिन्यात, कोणत्या तासाला.

शिवसागर

कोयनेपासून सुरुवात करतो. १,९६० मेगावॉट हा आकडा सगळ्यांना पाठ असतो: टप्पा १ व २ मिळून ६००, टप्पा ३ ला ३२०, टप्पा ४ ला १,०००, बाकी पायथा वीजगृह. या क्षमतेला मर्यादा यंत्रांची नाही, पाण्याची आहे. धरणाचा साठा १०५.२५ टीएमसी आहे, पण कृष्णा पाणी तंटा लवादाने पश्चिमेकडे वळवायला वर्षाला ६७.५ टीएमसीच दिलंय. बाकीचं पूर्वेला, कऱ्हाड-सांगलीकडे सोडायचं.

एक टीएमसी म्हणजे २.८३ कोटी घनमीटर. पडण्याची उंची पावणेपाचशे मीटर आणि एकूण कार्यक्षमता ८५ टक्के धरली, तर एका टीएमसीतून साधारण ३.१ कोटी युनिटं मिळतात. तेच पाणी कोळकेवाडीला टप्पा ३ मध्ये पुन्हा शंभरेक मीटर पडतं, त्याची आणखी पाऊण कोटी. सगळं धरून वर्षाला २६० कोटी युनिटांच्या आसपास.

आता १,९२० मेगावॉटने भागा. पूर्ण भाराचे वर्षाला सुमारे १,३५० तास भरतात, दिवसाला पावणेचारपेक्षाही कमी. आणखी चार यंत्रं बसवली तरी युनिटं तेवढीच राहतील, फक्त कमी वेळात जास्त जोराने काढता येतील. १९९९ चं आणि २०१२ चं लेक टॅपिंग (भरलेल्या जलाशयाला खालून बोगद्याचं तोंड फोडणं) यातही हाच फरक ध्यानात ठेवावा. पहिल्याने चौथ्या टप्प्याला पाणी मिळालं. दुसरं जलाशयाची पातळी खाली गेल्यावरही पाणी घेता यावं म्हणून केलं. ६७.५ चा कोटा दोन्हींनंतर तोच आहे.

कोयनेचं मोल वेगळ्या जागी आहे. संध्याकाळी सौर उतरते तेव्हा ही यंत्रं काही मिनिटांत भार उचलतात. कोळशाच्या संचाला थंड अवस्थेतून यायला कित्येक तास लागतात, आणि चालू असला तरी ५५ टक्क्यांच्या खाली नेताना तेलाचा आधार, ट्यूबगळती अशी दुखणी सुरू होतात. केंद्रीय प्राधिकरणाने २०२३ च्या नियमांत हा किमान भार टप्प्याटप्प्याने ४० टक्क्यांपर्यंत आणायला सांगितलाय, तो दुपारच्या सौरला जागा करून देण्यासाठीच.

माळरान

शिवसागर दादा, हिशेब एकदम पटला. एक शंका. पाणी मोजकं आहे, तर दुपारी सौर भरपूर असताना कोयना बंद ठेवून सगळं संध्याकाळसाठी राखता येत नाही का?

शिवसागर

बऱ्याच अंशी तेच करतात. दोन अडथळे येतात. पावसाळ्यात धरण भरत आलं की पाणी राखण्याचा प्रश्न उरत नाही, सांडव्यावरून सोडावंच लागतं, मग मिळेल तेवढं यंत्रांतून काढणं शहाणपणाचं. आणि कोळकेवाडीचा जलाशय लहान आहे. वरून चार तासांत सगळं सोडलं तर खालच्या टप्प्याने तेवढ्याच वेगाने ते पुढे वाशिष्ठीकडे काढायला हवं. नदीकाठी चिपळूण आहे. भरती आणि पाऊस बघूनच विसर्ग ठरवावा लागतो.

पठारवारा

वाऱ्याबद्दल लिहितो. चाळकेवाडी, वनकुसवडे, ठोसेघर, इकडे ढालगाव, गुढे-पाचगणी. जुन्या यंत्रांपैकी बरीचशी २३०, ३५०, ५००, ६०० किलोवॉटची. वर्षाच्या युनिटांपैकी निम्म्याहून बरीच जास्त जून ते सप्टेंबरमध्ये. ऑक्टोबरनंतर पाती दिवसचे दिवस जवळपास उभी असतात. म्हणजे आपल्या पठारावरचा वारा सौरचा जोडीदार आहे, पण पावसाळ्यातला. ढगांनी सौर पडते तेव्हा तो उभा राहतो. मार्च-एप्रिलच्या संध्याकाळी त्याच्या भरवशावर राहू नये.

देशाच्या १,२१,८९५ मेगावॉटमध्ये आपली भर मुख्यतः पुनर्शक्तीकरणातून पडावी, म्हणजे जुनं यंत्र काढून मोठं बसवणं. त्यासाठीचं धोरण २०१६ ला आलं, सुधारित डिसेंबर २०२३ ला, त्यात २ मेगावॉटच्या खालची यंत्रं धरलीत. सगळे म्हणतात की मेगावॉट दुप्पट-तिप्पट होतील. कागदावर मांडून बघा.

३५० किलोवॉटच्या यंत्राच्या पात्यांचा घेर ३३ मीटर व्यासाचा, झाडलेलं क्षेत्र ८५५ चौरस मीटर. २.१ मेगावॉटच्या यंत्राचा व्यास १२० मीटर, क्षेत्र सुमारे ११,३०० चौरस मीटर. सहा जुनी काढून एक नवं लावलं तर मेगावॉट तेच, २.१. पण एका किलोवॉटमागे क्षेत्र २.४ चौरस मीटरवरून ५.४ वर जातं. म्हणून नवं यंत्र कमी वाऱ्यातही पूर्ण भाराच्या जवळ पोचतं आणि त्याच मेगावॉटमधून दुपटीच्या आसपास युनिटं येतात.

जागेचा हिशेब उलटा आहे. दोन यंत्रांत एका दिशेला पाच व्यास आणि दुसऱ्या दिशेला सात व्यास अंतर धरलं, तर सहा जुन्यांना मिळून सुमारे ०.२३ चौरस किलोमीटर लागतात, एका नव्याला ०.५. म्हणजे पठार भरलेलं असेल तर नियमाने मेगावॉट कमीसुद्धा होऊ शकतात. आपल्याकडे वारा पश्चिम-नैऋत्येकडूनच येतो, म्हणून कड्याला समांतर रांगेत तीन व्यासांवर यंत्रं लावता येतात आणि ही तूट बरीचशी भरून निघते. पण त्यासाठी शेजारशेजारच्या सहा यंत्रांचे मालक एकत्र यायला हवेत.

खरी गाठ इथेच आहे. ही यंत्रं ८० टक्के जलद घसाऱ्याच्या करसवलतीच्या काळातली. एकेक यंत्र एकेका मालकाचं, कुणी मुंबईचा, कुणी गुजरातचा, कुणाचा वीजखरेदी करार संपलेला, कुणाचा चालू. जागेचा भाडेपट्टाही वेगवेगळा. तांत्रिक अडचणी यानंतर.

त्याही सांगतो. एक, पातं जवळजवळ साठ मीटर लांब. साताऱ्याहून सज्जनगडाच्या अंगाने ठोसेघरकडे जाणाऱ्या घाटात वळणावर ते आडवं मावत नाही. पातं तिरपं उचलून धरणारा खास ट्रेलर लागतो, आणि वळणाच्या आतली दरड, वरच्या तारा, झाडांच्या फांद्या सगळं आधी मोजावं लागतं. दोन, पठारावर वर जांभा, खाली मऊ शाडूसारखा थर. जांभा कुदळीला दाद देत नाही म्हणून पाया पक्का असं समजू नका. प्रत्येक जागेवर बोअर घेऊन खालचा थर बघितल्याशिवाय पाया आखू नये. तीन, उंच खांबाचा फायदा. सपाट रानात ५० वरून १२० मीटरवर गेलं की वेग साधारण १३ टक्के वाढतो, आणि ऊर्जा वेगाच्या घनाने वाढत असल्याने ४५ टक्के जास्त मिळते. कड्यावर तसं होत नाही. वारा कडा चढून येताना खालीच दाबला जाऊन वेगवान होतो, त्यामुळे उंचीनुसार वाढ कमी मिळते, आणि कड्याच्या अगदी तोंडाशी भोवरे. भोवऱ्यात गिअरबॉक्सचे बेअरिंग आणि पात्याची मुळं आधी जातात. नव्या खांबाच्या उंचीवर वर्षभर वारा मोजल्याशिवाय आकडा धरू नये.

आणि कासचं पठार, कोयना अभयारण्य, व्याघ्र प्रकल्प जवळ आहेत. तिथे नवी जागा मागण्यापेक्षा जुन्या जागेवर नीट काम करणं केव्हाही बरं.

डीपी_बॉक्स

सांगली बाजूचा सौर माझ्याकडे. जत, आटपाडी, कवठेमहांकाळ, खानापूर: मुरमाड जमीन, पाऊस कमी, ऊन भरपूर. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० मध्ये ३३/११ केव्ही सबस्टेशनजवळ प्रकल्प बसतो आणि त्या सबस्टेशनच्या शेती फीडरना (शेतीपंपांना वीज नेणाऱ्या लाइनींना) दिवसा वीज देतो. एका मेगावॉटला चार ते पाच एकर लागतात. चांगल्या जागी वर्षाला १६-१७ लाख युनिटं.

काय बिघडतं ते क्रमाने सांगतो, कारण हे प्रस्तावात कुणी लिहीत नाही.

व्होल्टेज. पावसाळ्यात विहिरी भरल्या, पंप बंद, आणि दुपारी १२ ला ऊन पडलं. ५ मेगावॉटचा प्रकल्प, फीडरवर भार एक मेगावॉटही नाही. वीज उलटी ३३ केव्हीकडे चढते आणि ११ केव्ही बसबारचा (सबस्टेशनमधल्या, सगळे फीडर जोडलेल्या पट्टीचा) दाब वाढतो. ११.६, ११.८ आणि १२.१ च्या पुढे गेला की इन्व्हर्टर स्वतःहून सुटतात. दाब उतरला की काही मिनिटांनी परत येतात, परत सुटतात. उपाय दोन: इन्व्हर्टरचा पॉवर फॅक्टर ०.९५ वर ठेवून त्यांना रिअॅक्टिव्ह पॉवर (काम न करणारी, पण दाब वर-खाली करणारी वीज) ओढायला लावणं, आणि सबस्टेशनच्या ट्रान्सफॉर्मरचा दाब कमी-जास्त करणारा टॅप ऋतूप्रमाणे बदलणं. जुन्या ५ एमव्हीएच्या ट्रान्सफॉर्मरचा टॅप बऱ्याच ठिकाणी वीज बंद करूनच बदलावा लागतो, म्हणून तो बदललाच जात नाही.

ट्रिपिंग. फीडरवर फांदी टेकली, डिओ (खांबावरचा फ्यूज) उडाला, ब्रेकर पडला, की प्रकल्पही थांबतो. मागे तार जिवंत राहून वायरमनचा जीव जाऊ नये म्हणून इन्व्हर्टरने थांबलंच पाहिजे. म्हणून प्रकल्पाची लाइन शेती फीडरला मधेच न जोडता स्वतंत्र लाइनने, स्वतंत्र ब्रेकरने थेट बसबारला आणायची. दोन किलोमीटर लाइनचे पैसे वाचवले की पुढची पंचवीस वर्षं युनिटं जातात.

ऑटो स्विच. हा आपल्या शेतकऱ्यांचा विषय, स्पष्ट लिहितो. लाईट आली की शंभर पंप एका क्षणात सुरू होतात. मोटर सुरू होताना पाच-सहापट करंट घेते. फीडर लगेच परत पडतो, आणि दोष सौरवर जातो. ऑटो काढा, नाहीतर प्रत्येकाने वेगळ्या मिनिटाचा टायमर लावा. सोबत ५ एचपीच्या मोटरला २ केव्हीएआरचा कॅपॅसिटर लावला तर डीपी जळण्याचं प्रमाणही खाली येतं.

धूळ. एका मेगावॉटला साधारण २,५०० प्लेटा येतात. एका प्लेटला दीड-दोन लिटर धरलं तरी एका धुण्याला चार-पाच हजार लिटर, महिन्याला दोनदा. जतच्या बोअरचं पाणी क्षारयुक्त. ते वापरलं की प्लेटच्या खालच्या कडेला पांढरी रेघ बसते, ओल्या फडक्याने निघत नाही, आणि तिच्याखालची सेल सावलीत गेल्यासारखी तापते. पहाटे दव असताना कोरड्या मऊ ब्रशने झाडणं आणि धुण्यासाठी साठवलेलं पावसाचं पाणी वापरणं, एवढं पाळलं तरी प्लेटा टिकतात.

वसुंधरा_कऱ्हाड

डीपी_बॉक्स भाऊ, फार उपयोगी लिहिलंत. टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा योजनांसाठी हाच सौर धरता येईल ना? वीजबिलाचा ८१ टक्के भार शासन आणि १९ टक्के शेतकरी उचलतात, तो दोघांचाही कमी होईल.

डीपी_बॉक्स

ताई, होईल. म्हैसाळसाठी जत तालुक्यात सुमारे २०० मेगावॉटचा सौर प्रकल्प जर्मन बँकेच्या कर्जातून आखलेला आहे तो यासाठीच. फक्त आवर्तनाची वेळ सौरला जुळवायला हवी. टप्प्याटप्प्याने उचलणाऱ्या योजनेत पहिला टप्पा सकाळी ९ ला सुरू झाला तर शेवटच्या कालव्याला पाणी पोचायला दुपार होते. प्रत्येक टप्प्याच्या हौदात तीन-चार तासांचा साठा असेल तर दुपारची वीज पाण्यात साठवता येते. नसेल तर मोटरी रात्रीही चालवाव्या लागतात आणि रात्रीची वीज ग्रीडची.

बगॅस_बॉयलर

पाण्यात साठवायची गोष्ट निघाली, पण बगॅसचं राहायला नको. ५,००० टन गाळपाच्या कारखान्यात दिवसाला १,५०० टनांच्या आसपास बगॅस निघतं, ५० टक्के ओलाव्याचं. एक किलोला सव्वादोन किलो वाफ. हंगाम १२० ते १५० दिवसांचा, नोव्हेंबर ते मार्च. या काळात वीज चोवीस तास येते, आणि वारा नेमका तेव्हा पडलेला असतो. म्हणून १५,५०० मेगावॉट हा आकडा छोटा दिसला तरी आपल्यासाठी तो हिवाळ्यातल्या संध्याकाळचा आहे.

अडचण इंधनाची. बगॅस आता आसवनीला, कागदाला, बोर्डाला जातं. पाचट जाळून हंगाम वाढवावा तर त्यातल्या पोटॅशमुळे राख वितळून सुपरहीटरच्या नळ्यांवर चिकटते. पंधरा-वीस टक्क्यांपर्यंत मिसळलं तर चालतं, त्यापुढे बॉयलर बंद करून छिन्नीने काढत बसावं लागतं.

उदंचन_पाटण

आता उदंचनावर येतो. वरच्या यादीत २०२७ ते २०३२ मध्ये सर्वांत जास्त पटीने वाढणारी हीच गोष्ट आहे. आपल्याकडे पाटण तालुक्यात तारळी १,५०० मेगावॉट आणि कोयना-निवकणे २,४५० मेगावॉट असे प्रस्ताव आहेत. शिवाय कोयना डावा तीर पायथ्याचे ८० मेगावॉट.

लोकांच्या मनात भीती पाण्याची आहे, म्हणून तोच हिशेब. १,५०० मेगावॉट सहा तास म्हणजे ९० लाख युनिटं. दोन जलाशयांतली उंची ५०० मीटर धरली तर एका घनमीटरमागे साधारण १.२ युनिटं. पाणी लागलं सुमारे ७४ लाख घनमीटर, पाव टीएमसीच्या थोडं वर. तेच पाणी रोज वर-खाली फिरतं. दरवर्षी फक्त बाष्पीभवन आणि गळतीची भर घालायची.

चढवायला मात्र ११५ लाख युनिटं लागतात, कारण येण्याजाण्यात २०-२५ टक्के जातात. म्हणजे हे वीजनिर्मितीचं केंद्र नाही, साठ्याचं आहे. ११५ लाख युनिटं रोज दुपारी द्यायला सुमारे २,५०० मेगावॉट सौर हवी. ती नसेल तर पाणी कोळशाच्या विजेने वर चढेल.

कृष्णाकाठ

पाव टीएमसी हा आकडा बरोबर आहे, पण त्यावर थांबता येत नाही. खालचा जलाशय नवा बांधला तर गोष्ट वेगळी. तो सध्याचं सिंचनाचं धरण असेल तर मे महिन्यात, साठा तळाला गेलेला असताना, पाव टीएमसी रोज वर-खाली होणं म्हणजे पाणीपुरवठ्याच्या जॅकवेलची (पाणी उपसायच्या विहिरींची) तोंडं उघडी पडणं, काठाचा गाळ सैल होणं, मासेमारी बंद. म्हणून करारात दोन ओळी हव्यातच: ज्या पातळीखाली उपसा बंद ती पातळी मीटरमध्ये लिहिलेली, आणि टंचाईत पिण्याचं पाणी पहिलं, सिंचन दुसरं, उदंचन तिसरं.

उदंचन_पाटण

मान्य. यात एक ओळ माझी वाढवा: पहिला भरणा फक्त पावसाळ्यात, धरण सांडत असताना. पाटणच्या माणसाने धरणासाठी जमीन एकदा दिलेली आहे. १९६७ चा भूकंपही त्याच खोऱ्यात झाला, म्हणून वरच्या जलाशयाच्या भूकंपविषयक आराखड्याचा मराठी गोषवारा ग्रामसभेत वाचून दाखवला पाहिजे.

माळरान

सगळ्यांचे आभार. शेवटचा व्यवहारी प्रश्न. सौर वाहिनीसाठी आमच्या भावकीची आठ एकर मुरमाड जमीन मागताहेत. भाडं हेक्टरी वर्षाला १ लाख २५ हजार, दरवर्षी ३ टक्के वाढ. सही करण्याआधी काय बघायचं?

डीपी_बॉक्स

आधी सबस्टेशनपर्यंतचं अंतर आणि लाइन कुणाच्या बांधावरून जाणार ते नकाशावर बघा. सगळे प्रकल्प तिथेच अडकतात. सातबाऱ्यावर सगळ्या हिस्सेदारांची संमती एकाच वेळी घ्या, बहिणींचीसुद्धा, आणि भाडेपट्टा दुय्यम निबंधकाकडे नोंदवून इतर हक्कात नोंद घाला. आठ एकर म्हणजे ३.२४ हेक्टर, पहिल्या वर्षी ४ लाख ५ हजारांच्या आसपास. हिस्सेवारी करारातच लिहा, नाहीतर पैसे एका खात्यावर येतात आणि भावकी तुटते.

मग पाण्याची वाट. प्लेटांवरून पडणारं पाणी एका रेघेत पडतं आणि मुरमात घळ पाडतं. उताराकडे चर आणि खालच्या शेतकऱ्याच्या बांधापर्यंत पक्की वाट कंपनीने काढायची, हे लिहून घ्या. मुदत संपल्यावर लोखंडी खांब जमिनीत कापून सोडायचे नाहीत, मुळापासून उपटायचे. कापून सोडलेला खांब नांगराला लागतो.

माळरान

बहिणींचं लक्षात आलं नव्हतं. उद्याच वारसनोंद काढतो आणि सबस्टेशनचा नकाशा मिळाला की इथे टाकतो.